देवरावने माझा पाय धरला तेव्हा

मंडळी, आज सकाळी नागपुरात सदर भागातल्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे टक लावून पाहत होते. एकदम म्हणाले, "काहून गा, तू पिवळ्या जर्सीतला सुधाकर नं?"

तो देवराव होता! सत्तरच्या दशकात आम्ही दोघेही फुटबॉलच्या जोरावर नोकरीला लागलेले. तो समोरच्या टीमचा फॉरवर्ड, मी त्याला अडवणारा बॅक.

नागपुरातली एक फायनल एक्स्ट्रा टाइममध्ये गेली होती. एप्रिलचं ऊन, बुटातून माती भाजत होती. नव्वद मिनिटं त्याच्यामागे धावून माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी कोसळलो. आमचे बदली खेळाडू संपले होते. बॉल बाहेर गेला तसा देवराव आला, खाली बसला आणि माझी टाच धरून त्याने पंजा मागे दाबला. मी उठलो, खेळलो. शेवटी बरोबरी झाली आणि करंडक दोघांत वाटला गेला.

हा किस्सा मी नातवंडांना शंभरदा सांगितलाय. आज त्याचा हात धरून म्हटलं, "तुह्ये लय उपकार हायेत गा."

तो हसत सुटला. "कायचे उपकार? माह्याच पायात जीव नव्हता. तुहा पाय धरून मी दम खाऊन राहिलो होतो!"

आम्ही इतके हसलो की नर्सने डोळे वटारले.

मला मात्र तो आणखीच आवडला. इतका दमलेला माणूस कुठेही टेकला असता, पण तो टेकला माझ्या पायाशी, आणि दम खाता खाता माझा गोळाही सोडवून गेला. तुम्हाला असं कुणी भेटलंय का, स्वतः थकलेलं असताना हात देणारं?