जिवंत माणसाचा पुतळा

वसुमती अक्कांना स्वस्थ बसता येत नाही, हे बनशंकरीतल्या आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाल्या, तरी कॉफी अजून उभ्या-उभ्याच पितात. पण गेल्या पावसाळ्यानंतरची त्यांची चुळबुळ वेगळी होती. घासलेली भांडी पुन्हा घासायच्या, वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकायच्या, बोलता बोलता फाटकापर्यंत जाऊन यायच्या. "कोणी यायचंय का, अक्का?" असं विचारलं तर म्हणायच्या, "कोणी येत नाही, तेच बघून येते."

त्यांचे यजमान हयवदन अण्णा एका सरकारी खात्यात इंजिनियर. चौथ्या क्रॉसला, म्हणजे चौथ्या आडव्या गल्लीत, पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला बांधून झाला, असं त्यांच्या खात्याच्या कागदांवर होतं. चौथ्या क्रॉसला नाला नव्हता. जोराचा पाऊस झाला की तिथल्या घरांत पाणी शिरायचं ते शिरायचंच. अण्णांनी वरच्या साहेबांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा 'तुमचं तुम्ही बघा' असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी ते कागद एका वार्ताहराला दिले. बातमी गाजली आणि निलंबित झाले ते अण्णाच. गोपनीय कागद बाहेर दिले म्हणून त्यांची चौकशी लागली.

त्या चौकशीत अण्णांना आपले साक्षीदार आणता येणार होते. चौथ्या क्रॉसवर राहणाऱ्या एखाद्याने येऊन 'आमच्या दारात नाला नाही' एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी अक्का घरोघर फिरल्या. आमचं घर सहाव्या क्रॉसला, म्हणून माझी साक्ष उपयोगाची नव्हती. सोबतीला मात्र मी जायची. सगळीकडे कॉफी मिळाली, कुठे कुठे चकल्याही मिळाल्या. "अण्णांनी केलं ते बरोबरच केलं" असं प्रत्येकाने सांगितलं. येतो असं कोणी म्हणालं नाही. एक योगीराजांचं घर तेवढं अक्कांनी टाळलं. हे अथणीकडचे निवृत्त सुभेदार. पार्कात सगळ्यांसमोर अण्णांना 'फितूर' म्हणाले होते, ते अक्कांच्या कानावर आलं होतं.

अशात एका रविवारी सकाळी पार्कात पुतळा उभा राहिला. कुणा पुढाऱ्यासाठी बांधलेला एक चौथरा तिथे वर्षानुवर्षं रिकामा पडला होता. त्याच्यावर छातीपर्यंतचे अण्णा! चष्मा, विरळ केस, सगळं हुबेहूब. खाली कन्नडमध्ये फक्त नाव आणि 'इंजिनियर'. दगडासारखा दिसायचा, पण टिचकी मारली की पोकळ वाजायचा. आर्ट कॉलेजच्या पोरांचं काम असावं असं लोक म्हणाले. परवानगी अर्थातच कोणाची नव्हती. दुपारपर्यंत टीव्हीवाले आले. माणसं पुतळ्याशेजारी उभी राहून फोटो काढायला लागली.

सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे अध्यक्ष भीमसेनराव. त्यांचं घर चौथ्या क्रॉसवरच, आणि गेल्या पावसात त्यांचा नवा सोफा भिजून वाया गेलेला. पुतळा हलवायला सरकारी माणसं येणार असं कळल्यावर त्यांनी शक्कल काढली. शेवंतीचा भला मोठा हार आणला, पुतळ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ फोडला, उदबत्ती लावली. "आता कोण हात लावतो बघू," म्हणाले. आणि खरंच, सोमवारी दोघेजण आले, हार-कुंकू पाहून चपला काढून उभे राहिले आणि साहेबांना विचारून येतो म्हणून निघून गेले.

योगीराज तेवढे बाकावरून गुरगुरत होते. "कागद सरकारचा. आज यानं वाटला, उद्या कोणीबी उठंल आणि कुठलाबी वाटंल. त्याचा काय पुतळा करायचा?"

"आणि कागदावर चोरी दिसली तर?" भीमसेनराव म्हणाले.

"वर सांगायचं."

"दोनदा सांगितलं हो त्यांनी!"

"मग तिसऱ्यांदा सांगायचं."

मी पुतळ्याचा फोटो घेऊन अक्कांकडे गेले. अण्णा वर्तमानपत्र पसरून पावटे सोलत बसले होते. निलंबनानंतर ते घराबाहेर पडलेच नव्हते. जेवायचे, झोपायचे, पुढ्यात येईल ते सोलायचे. फोटो बघून म्हणाले, "नाक बरं काढलंय. माझं एवढं सरळ नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुवारी चौकशीला नाही गेलो तर काय बिघडतं, वसू? लोकांनी निकाल लावलाय की. माझं काय ते झालं."

'माझं झालं' हे ऐकल्यावर अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला, फोटो मोठा करून बघितला. हार. कुंकू. त्यांनी पायात चपला घातल्या.

पार्कात संध्याकाळची गर्दी होती. अक्का सरळ चौथऱ्यापाशी गेल्या, टाचा उंचावल्या आणि पुतळ्याच्या गळ्यातला हार उतरवला.

"अक्का, अक्का, काय करता!" भीमसेनराव धावले. "हार काढला की उद्या टेम्पो आला म्हणून समजा!"

"येऊ दे."

"अहो, हे संरक्षण आहे. पोलिसापेक्षा पक्कं."

"भीमसेनराव, गळ्यात हार, कपाळाला कुंकू, पुढ्यात उदबत्ती. आता तेरावंही उरकून घ्या. लाडू करा, मी येते जेवायला."

"अय्यो, तसं नव्हे हो! आमच्या मनात आदर..."

"आदर आहे ना? मग माणूस घरी बसलाय, चांगला धडधाकट. त्याच्या गळ्यात घाला. आणि गुरुवारी साडेदहाला माझ्याबरोबर चला. तुमच्या दारात नाला आहे की नाही, एवढं सांगा आणि परत या."

कोणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, कोणाला फोन आला. पलीकडच्या बाकावर योगीराज होते, त्यांच्याकडे अक्कांनी पाहिलंही नाही. भीमसेनराव खाली बघत म्हणाले, "मुलाच्या घराचा नकाशा त्याच खात्यात अडकलाय, अक्का. तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," अक्का म्हणाल्या. पुतळ्याच्या कपाळावरचं कुंकू पुसायला त्यांनी पदर उचलला, पण ते त्यांच्या हातून होईना. ते तसंच राहू दिलं. हार त्यांनी पिंपळाखालच्या नागाच्या दगडावर वाहिला आणि भराभरा घरी आल्या. रात्रभर त्यांच्या घरात दिवे लागत होते, मालवत होते.

टेम्पो बुधवारी आला. पुतळ्याला दोरी बांधली, गोणपाटात गुंडाळला, उचलून नेला. बरेच जण व्हिडिओ काढत होते. "मी म्हणालो नव्हतो?" भीमसेनराव मला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा सुटका जास्त होती.

गुरुवारी सकाळी मी गेले तेव्हा अण्णा अंथरुणातच होते आणि अक्का दारात दाढीचं सामान घेऊन उभ्या.

"उठा," त्या म्हणत होत्या. "पुतळा नेला. आता तुम्हालाच जावं लागणार."

अण्णांनी पांघरूण बाजूला केलं. ते उठले.

चौकशीच्या कचेरीत अण्णा बाकावर बसले. अक्का मात्र एकदा जिन्यापर्यंत, एकदा खिडकीपर्यंत, एकदा पाण्याच्या नळापर्यंत येरझारा घालत होत्या. भीमसेनरावांचा फोन बंद लागत होता. "स्वल्प बसा तरी, अक्का," मी म्हटलं. "बसून कोण येणार आहे?" त्या म्हणाल्या आणि परत जिन्याकडे गेल्या. त्याच वेळी जिन्यावरून कडक इस्त्रीच्या शर्टातले योगीराज वर आले.

"तुमच्या मालकांच्या बाजूनं आलेलो न्हाई, हे आधीच सांगतो," ते म्हणाले.

"मग कशाला आलात? तमाशा बघायला?"

"चौथ्या क्रॉसला माझं घर हाय. नाला न्हाई. तुम्ही सगळ्यांच्या दारात गेला, माझ्या दारावरून पुढं गेला. बोलावलं असतं तर तेव्हाच हो म्हटलं असतं."

 अक्का मटकन बाकावर बसल्या.

चौकशीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. सगळं कन्नडमध्ये चाललं होतं, योगीराजांची कन्नड उत्तरेकडची, खणखणीत. बाहेर सगळं ऐकू येत होतं. चौकशी करणारे साहेब म्हणाले, इथे प्रश्न नाल्याचा नाही, कागद बाहेर दिल्याचा आहे.

"त्याचं विचाराल तर यांनी चूक केली, असंच मी म्हणेन," योगीराज म्हणाले. "लिहून घ्या. पण माझ्या दारात नाला नाही. यंदाही घरात गुडघाभर पाणी होतं. तेही लिहा. एक लिहून दुसरं सोडलं तर मी सही करणार नाही."

 मग साहेबांनी टंकलेखकाला दोन्ही लिहायला सांगितलं.

निकाल अजून लागलेला नाही. कदाचित नोकरी जाईल. परत येताना आम्ही बस धरली. बायका पुढे, पुरुष मागे. अक्का नि मी पुढच्या बाकावर बसलो, ते दोघे मागे. दोन स्टॉप होत नाहीत तोच मागून अण्णांचा आवाज आला. कित्येक महिन्यांत इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"तिसऱ्यांदा कोणाला सांगायचं? सहा महिने थांबलो मी! लोकांच्या चुलीत पाणी जाईपर्यंत थांबायचं?"

"थांबायचं! नियम हाय म्हंजे हाय!"

"तुमच्या त्या नियमाने तुमचा सोफा वाचला का?"

"माझा न्हवं, भीमसेनरावांचा सोफा! माझं कपाट गेलं!"

बसमधली माणसं माना वळवून बघायला लागली. "सार्, स्वल्प मेल्लगे," म्हणून कंडक्टरने दोघांना हळू बोलायला सांगितलं. तेव्हा दोघांनी मिळून कंडक्टरलाच मध्ये घेतलं, की तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर. अक्का समोरच्या काचेकडे बघत होत्या. मागे वळल्या नाहीत, पण पिशवीचे बंद हाताला करकचून गुंडाळून घेतले होते.

आमचा स्टॉप आला. आम्ही पुढच्या दाराने उतरलो. मागच्या दाराने कोणीच उतरलं नाही. बस निघाली तेव्हा खिडकीत अण्णा दिसले. त्यांचं बोट योगीराजांच्या नाकासमोर होतं आणि स्टॉप मागे पडल्याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

"अक्का, फोन करू का?" मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "येतील. भांडण संपलं की येतील."