फटफटीच्या पाळ्या

दादा मंगळवारी गेला. मी शाळेत शिकवून आलो तेव्हा त्याला सोप्यात ठेवले होते.

दादा माझा थोरला भाऊ. मोटारी दुरुस्त करायचा. विलायतेला परतलेल्या एका साहेबाची मोडकी फटफटी त्याने घेऊन जोडली. महाराजांच्या कोल्हापुरात अशा गाड्या सरदारांकडे, साहेबांकडे. साध्या माणसालाही ती चालवता यावी, हा दादाचा हट्ट. जर्मनीच्या लढाईत पेट्रोल महागले, तेव्हा त्याने इंजिन पेट्रोलवर चालू करून, तापले की घासलेटवर चालवायची युक्ती काढली. शिकणाऱ्याने फक्त आपले घासलेट आणायचे. विहिरीच्या पाण्याला भावकीत पाळ्या असतात, तशा त्याने वारांच्या पाळ्या लावल्या.

"मास्तर, दादाला सांगा की, माझं वाळवण काळं झालं धुरानं!" शेजारीण मलाच ओरडायची.

दादाही मला गाडी शिकायला बोलवायचा. मी पुस्तकाच्या पानात बोट घालून "आलोच" म्हणायचो आणि जायचो नाही.

तेराव्यानंतर एक ठेकेदार आला. "शाळामास्तर तुम्ही. हे लोखंड ठेवून काय करणार?" मी गाडी द्यायचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला कंपाउंडर घासलेटची बाटली घेऊन दारात उभा.

"मास्तर, आज माझी पाळी हाय."

"गाडी विकायची ठरलीय."

"इका की. पर दिस मावळंस्तवर माझी हाय." मग आवाज खाली आला. "गारगोटीकडच्या खेड्यांत औषधं न्यायला डाक्टर फटफटी येणारा माणूस बघत्यात. ठेकेदाराकडं गेल्यावर आमाला हात कोण लावू देतंय?"

मी त्याच्याबरोबर रंकाळ्याच्या वाटेला गेलो. त्याने घाईने घासलेट सोडले. गाडीने धूर ओकला आणि ती बंद पडली.

"दादांनी शिव्या घातल्या असत्या," तो म्हणाला. "तुमी घाला की."

मला एकही शिवी सुचेना. "आधी तापू द्या," मी म्हणालो. एवढे भिंतीपलीकडून कितीतरी वर्षे कानावर पडत होते.

परत येताना मी ठेकेदाराच्या घरी गेलो आणि शब्द मागे घेतला. तो बरेच बोलला. मी ऐकून घेतले.

कंपाउंडरला औषधांचे काम मिळाले, तो आता गारगोटीला असतो. गाडीवर माझ्याकडे पाच नवे लोक शिकतात. घरात मी एकटा असतो.