ऑर्व्हिल क्रेब्सचा वेष्टनातला पाइप

ऑर्व्हिल क्रेब्स कुणाच्या उघड्या बॉनेटपाशी थांबला आणि कपाळावरचा चष्मा त्याने नाकावर ओढला, की त्या गाडीचा मालक हातातला हॉटडॉग निमूट खाली ठेवायचा. आता चारचौघांत शोभा होणार हे ठरलेलंच. "हा बोल्ट काळा कसा? कंपनीतून राखाडी यायचा," एवढंच बोलून स्वारी पुढच्या गाडीकडे. बरा आहेस का, पोरं काय म्हणतात, असलं काही नाही. माणसाला बोल्ट नसतात, म्हणून माणसात त्याला रस नव्हता.

सप्टेंबरात ऑटर क्रीकच्या शर्यतीच्या पट्टीवर आमची जत्रा भरते. साठ-सत्तरच्या काळातल्या दांडग्या इंजिनांच्या गाड्या जोडीजोडीने उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की पाव मैल सुसाट. अट एकच : गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. तेच इंजिन, तसलेच अरुंद, घसरणारे टायर. बरोबरीच्या दोघांची जोडी लावतात आणि तीनातल्या दोन फेऱ्या जिंकेल तो खरा. बाकी सगळे इथे हसायला-खिदळायला येतात. ऑर्व्हिल तपासायला यायचा. जन्मभर त्याने दुसरं केलं तरी काय होतं? मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात दारांच्या बिजागऱ्या तपासल्या. लोकांनी बनवायच्या, याने नाक मुरडायचं. निवृत्त झाला, पण मुरडलेलं नाक काही सरळ झालं नाही.

त्याची स्वतःची ओल्ड्समोबिल ट्रेलरवरून यायची आणि ट्रेलरवरूनच घरी जायची. वर पांघरूण, खाली गालिचा. बायकोने, लुसिलने, एकदा दाराला नुसती पाठ टेकली, तर स्वारी दोन दिवस बोलली नाही. लुसिल म्हणायची, ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

पण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. बापाची, अर्न्स्ट क्रेब्सची, हिरवी पाँटियाक. म्हाताऱ्याने कोरी घेतलेली, आणि मरताना दिली धाकट्याला, मर्लला. म्हाताऱ्याला माणसं कळत होती. मर्लने ती चर्चला नेली, तळ्यावर नेली, मागच्या सीटवर भोपळे आणि ओला कुत्रा घालून गावभर हिंडवली. ऑर्व्हिल ते बघून आतल्या आत करपायचा. "वाटोळं केलंन गाडीचं," हे पालुपद त्याने वीस वर्षं लावलं.

या वसंतात मर्ल गेला. थडग्यावरची माती ओली होती. चर्चच्या तळघरात लोक गंभीर चेहऱ्याने हॅम सँडविच खात होते, आणि या महाभागाने मर्लच्या पोरीला, डार्लाला, कोपऱ्यात गाठलं. "गाडीचं काय ठरवलंयस?" सख्खा भाऊ पुरून आल्यावर माणूस हे विचारतो! जनाची नाही, तर मनाची तरी.

डार्ला शाळेची बस चालवते. साठ पोरांना नुसत्या आरशातून गप्प बसवणारी बाई. ती म्हणाली, "ऑर्व्हकाका, सप्टेंबरात या पट्टीवर. तीनातल्या दोन जिंकलात, तर गाडी तुमच्या नावावर करते. हरलात, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कधीच नाही."

ऑर्व्हिलला आकाश ठेंगणं झालं. गाडीसाठी गराजमधली जागासुद्धा त्याने रिकामी केली. तिथे ती मरेपर्यंत पांघरुणाखाली पडून राहणार होती, आणि याला तो गाडीचा उद्धार म्हणत होता.

पहिल्या फेरीला दिवा हिरवा झाला तेव्हा साहेब डार्लाच्या टायरवरची अक्षरं वाचत होते. डार्ला जिंकली. दुसऱ्या फेरीत तिचा गिअर अडखळला आणि ऑर्व्हिल पुढे निघून गेला. एक-एक बरोबरी. आता उरली एकच फेरी, आणि बापाची गाडी हाताच्या अंतरावर.

तेवढ्यात बक टिबिट्स, जोड्या पुकारणारा आमचा माणूस, ऑर्व्हिलच्या बॉनेटमध्ये डोकावला. रेडिएटरच्या वरच्या पाइपाकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हणाला, "काय रे ऑर्व्ह, हा पाइप तर नाक्यावरच्या दुकानातला दिसतोय! कंपनीतून असा यायचा का रे?"

पट्टीभर हशा पिकला. वर्षानुवर्षं ज्यांच्या बोल्टांची लाज काढली ते सगळे पोट धरून हसत होते. ऑर्व्हिलचे कान लालबुंद झाले. तो तरातरा ट्रेलरकडे गेला आणि कागदी वेष्टनातला एक कोरा पाइप घेऊन आला. सत्तर सालचा, कधीच न वापरलेला, वर कारखान्याचा नंबर छापलेला. एका मेलेल्या दुकानदाराच्या माळ्यावरून त्याने तो मिळवला होता.

"अरे, गंमत केली मी!" बक घाबरला. "चौतीस वर्षांचं रबर आहे ते. वेष्टनात राहिलं म्हणून काय तरुण राहतं?"

"कंपनीचा माल आहे," ऑर्व्हिल म्हणाला. त्याने चांगला पाइप उपटला आणि तो म्हातारा बसवला. बायबल हातात घ्यावं तसा दोन्ही हातांनी.

तिसरी फेरी. दिवा हिरवा झाला, दोन्ही गाड्या उसळल्या, आणि फाट्दिशी आवाज झाला. ओल्ड्समोबिल वाफेत दिसेनाशी झाली. पाइप उभा उलला होता आणि काचेवरून गरम पाणी ओघळत होतं. डार्ला तशीच पुढे गेली असती, तर प्रश्न मिटला असता. तिने ब्रेक दाबला. आमच्याकडची रीत अशी, की समोरचा मोडला आणि तुम्ही थांबलात, तर फेरी पुन्हा होते. पट्टी पुसून होईपर्यंत त्याला दुरुस्तीची मुभा.

लुसिल काढलेला पाइप घेऊन धावत आली. "हा घे. लाव पटकन."

"तो नाही."

"सकाळपासून हाच होता ना?"

"सगळ्यांनी पाहिलाय तो." ऑर्व्हिलने दोरीपलीकडच्या माणसांकडे नजर टाकली. "आता लावला तर जन्मभर हसतील."

"आत्ता काय रडतायत का?" लुसिलने कपाळावर हात मारला.

डार्ला जवळ आली. "काका, लावा तो. मी थांबलेय."

"त्यावर दुकानाचं नाव आहे."

"ऐका माझं," ती हळू आवाजात म्हणाली. "जाताना बाबा म्हणाले होते, गाडी ऑर्व्हला दे. त्या दिवशी तळघरात तुम्ही तसं विचारलंत आणि माझं डोकं फिरलं, म्हणून ही शर्यत. दुसऱ्या फेरीत गिअर अडखळला नव्हता, मी अडखळवला. तुम्ही फक्त त्या टोकापर्यंत एकदा बाबांच्या गाडीशेजारून चालवत या. जिंका नाहीतर हरा, किल्ली तुमच्या हातात देते."

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण दैव इतकं हाता-पाया पडून देताना मी दुसरं पाहिलं नाही. लुसिलने पाइप त्याच्या हातात कोंबला. स्क्रूड्रायव्हर समोरच होता. दहा मिनिटांचं काम.

ऑर्व्हिलने पाइपावरची अक्षरं वाचली. दोरीकडे पाहिलं. पाइप बॉनेटच्या कडेवर ठेवून तो म्हणाला, "माझ्या गाडीत असलं काही लागणार नाही. मी माघार घेतो."

डार्ला म्हणाली, "बाबा तुम्हाला उगाच भाऊ म्हणत राहिले," आणि वळली.

बकने एकटीची फेरी पुकारली. हिरवी पाँटियाक गर्जत सुटली, लोक टोप्या उडवत ओरडले, कुंपणाला धरून लुसिलही ओरडली. ऑर्व्हिल तेव्हा बॉनेटखाली वाकून फाटक्या रबराचे तुकडे वेचत होता. नंबर छापलेला तुकडा अखंड सापडला, तेव्हा त्याने तो रुमालाने पुसला आणि खिशात घातला. बापाची गाडी पट्टी पार करून गेली, त्या गाढवाने मान वर केली नाही.