बटणांची वही

माझी मावशी शिवणकाम करते. तिच्या मापांच्या वहीत एकही नाव नाही. प्रत्येक पानावर एक बटण शिवलेलं असतं आणि कुठलं बटण कुणाचं, ते फक्त तिलाच ठाऊक. "कमरेचं माप काय गावभर करायची गोष्ट आहे?" असं ती म्हणते.

परवा तिच्या फोनवर गप्पांच्या अॅपची सूचना आली: 'तुमचा खासगीपणा आमच्यासाठी मोलाचा आहे.' खाली चाळीस पानं. मी म्हटलं, "'मान्य' दाब आणि मोकळी हो."

तिनं चष्मा चढवला, मशीन थांबवलं आणि दोन दिवस वाचत बसली. शेवटी वैतागली. "माझी माहिती कुणाकुणाला देणार, एवढंच विचारतेय मी. हे मेले नुसते गोल गोल फिरतायत!"

तेवढ्यात शेजारचे काका आले. त्यांना बायकोसाठी गुपचूप कोट शिवून घ्यायचा होता. "तिचं माप वहीत असेलच की."

"आहे. तिला विचारून या."

"अहो, मग गंमत काय राहिली? नवरा आहे मी तिचा!"

"असाल. पण कंबर तिची आहे."

काका हसत परत गेले. मावशीनं फोन माझ्यापुढे सरकवला. "बघ, झालं की नाही एका वाक्यात? यांना चाळीस पानं कशाला लागली, ते सांग."