काढून घेतलेली सही

रिटायर झाल्यापासून मी सह्या करते. बसचं भाडं वाढवू नका, तळ्याकाठची झाडं तोडू नका, कुठल्याशा देशात कुणाला आत टाकलंय त्याला सोडा. लिंक आली की माझी सही ठरलेली, आणि मग ती लिंक ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवायची. माझ्या मेल्स नवरा न उघडताच आर्काइव्ह करतो. हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल दिली आणि आता जगाला जागं करायला निघालीय, असं तो आल्यागेल्याला सांगतो.

त्या उन्हाळ्यात एका तेलवाल्या देशाने आपल्याच एका लेखिकेला तुरुंगात टाकलं. कॅनडाने तिला सोडा असं जाहीरपणे म्हटलं. मला कोण आनंद झाला! मी तिच्या सुटकेच्या पिटिशनवर सही केली, लिंक सगळीकडे धाडली. पण तो देश भडकला. त्याने राजदूत परत बोलावला आणि आपल्या पैशावर इथे शिकणाऱ्या सगळ्यांना महिन्याभरात कॅनडा सोडायचा हुकूम दिला.

त्या सगळ्यांत आमच्या बेसमेंटमध्ये राहणारी मुलगी आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कारण ती त्या देशाची नव्हतीच, पूर्व आफ्रिकेतल्या एका गरीब देशाची होती. तिच्या गावी या तेलवाल्यांनी चांगलं मोठं हॉस्पिटल बांधून दिलं होतं. तिथे भूल द्यायला डॉक्टर नव्हता, म्हणून त्यांनीच तिला इथे शिकायला पाठवलं. सुरुवातीला ती माझ्याच हाताखाली होती. आता शेवटचे आठ महिने राहिले होते आणि ती हातात परत बोलावल्याचं पत्र घेऊन माझ्या किचनमध्ये उभी होती.

"डॉक्टर, आठ महिने. फक्त आठ महिने," एवढंच ती म्हणाली.

मी डिपार्टमेंटला फोन केला. ते गोड आवाजात म्हणाले, सीट फंडेड होती, फंडिंग गेलं की सीट गेली. मला संताप आला, पण कुणावर काढायचा तेच कळेना. एका बाईला कोंडणाऱ्यांवर? पण त्या मुलीच्या गावात हॉस्पिटल त्यांनीच बांधलं होतं. आमच्या सरकारवर? ते तर बरोबरच बोललं होतं; फक्त बोलून झाल्यावर या मुलीचे आठ महिने भरायला कुणी पुढे येत नव्हतं. आणि मी तरी कोण लागून गेले? भारताने गरिबीतून मला डॉक्टर केलं, मी इथे आले ती इथलीच झाले. माझ्या जिल्ह्यात भूल कोण देत होतं, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही.

मग कळलं की शिक्षण संपत आलेल्यांना त्या तेलवाल्यांच्या वकिलातीकडे मुदतवाढ मागता येईल, सोबत सीनियर डॉक्टरचं शिफारसपत्र हवं. मी जीव ओतून पत्र लिहिलं. नवऱ्याने वाचलं.

"लेटर उत्तम आहे. पण तुझं नाव गूगल करून बघितलंस का?"

"का?"

"सगळ्यात वर पिटिशनच येतं. एम्बसीवाले चेक करणार नाहीत असं वाटतं तुला?"

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी पिटिशनवाल्यांना मेल करून नाव काढून टाकायला सांगितलं. ते गेल्याची खात्री केली, तेव्हाच पत्र पाठवलं. सुटल्यासारखंही वाटलं आणि लाजही वाटली. त्यातलं जास्त काय, ते तेव्हाही कळलं नाही.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला होती. मी तिच्या पानात भात वाढता वाढता सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, उपकार केल्याच्या सुरातच सांगितलं.

तिचा हात थांबला. "माझी सही तिथेच आहे, डॉक्टर."

"तुझी?"

"तुम्हीच लिंक पाठवली होती ना?"

त्या झाडून सगळ्यांत तीही होती.

"काढ ती! आत्ताच्या आत्ता काढ, हा घे माझा लॅपटॉप."

"ती बाई सुटली का?"

"नाही."

"मग?"

मी ओरडलेच. "तुझ्या गावातल्या बायकांचं काय? त्यांच्या सिझेरियनला कोण उभं राहणार?"

"त्यांचा विचार करण्यातच चार दिवस गेले," ती म्हणाली. "मग केली. तुम्ही पाठवली म्हणून नाही केली." आणि तिने भात कालवायला घेतला. ही धाडसी आहे की वेडी, तेच मला कळेना.

मुदतवाढ नाकारली. एका ओळीचं उत्तर आलं, कारण दिलेलं नव्हतं. काहींना मिळाली होती, काहींना नाही. तिच्या सहीमुळे गेली, माझ्या पत्रात काही कमी पडलं, की कुणी यादी न बघताच रेघ मारली? मी हे किती वेळा उगाळलंय याला गणती नाही. एअरपोर्टवर मी तिला सॉरी म्हटलं, पण नेमकं कशाबद्दल ते मला सांगता आलं नसतं. तिने विचारलंही नाही. आता ती त्याच हॉस्पिटलात आहे, हुद्दा असिस्टंटचा. भूल मात्र तीच देते. तिच्या वर कुणी नाहीच.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात मी पुन्हा सही करायला बसले. पिटिशन बंद झालं होतं. यादी तेवढी दिसत होती. मी ती खालपर्यंत वाचली. तिचं पूर्ण नाव होतं, पुढे तिच्या गावाचं नाव. माझं कुठेच नव्हतं.