वायर कापायची नसते

आमच्या जिजाजींना कॉम्प्युटर येतो. म्हणजे लग्नाआधी त्यांनी कुठलासा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट त्यांच्या केळी वेफर्सच्या दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. त्या विद्येच्या जोरावर त्यांनी एका दुपारी बाबांचा जुना कॉम्प्युटर ‘स्लो चालतो’ म्हणून अपडेट करायला घेतला, आणि अर्ध्यातच लाइट गेली. बुऱ्हाणपुरात दुपारी लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चालू झाल्यावर काय करायचं हे कॉम्प्युटरला ज्या चिपमधून कळतं, ती चिप अर्धवट लिहिलेली राहिली. पडदा काळा. जिजाजींनी हात झटकले.

“गया काम से. आता भंगारच आहे हे. रविवारी टेम्पो बोलावतो, खोलीपण खाली होऊन जाईल.”

कॉम्प्युटर होता ती राजपुऱ्यातली आमची रस्त्यावरची खोली त्यांना वेफर्सच्या दुसऱ्या दुकानासाठी हवी होती, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, त्यांची नजर भिंती मोजत होती.

बाबा म्हणाले, “चालेल, पाव्हणे.”

मला धडकी भरली ती या ‘चालेल’ची. माझे बाबा म्हणजे शेजारच्या मागावरचं कापड चिमटीत धरून “फरशी पुसायला तरी कामी येईल का हे?” असं मालकाच्या तोंडावर विचारणारा माणूस. जावयाला ‘पाव्हणे’ म्हणायचे तेसुद्धा असं, की पाहुण्याने चहा न पिताच उठावं. पण स्वतःचे माग विकले आणि त्यांना सगळंच चालायला लागलं. अळणी भाजी चालेल, शिळं वर्तमानपत्र चालेल. आमच्या घरात एक भला म्हातारा येऊन बसला होता आणि मला तो नको होता.

कॉम्प्युटरच्या त्या डब्यात बाबांनी पडद्यावर चौकट चौकट भरून काढलेले टॉवेलचे काठ होते, कोपऱ्यातली फुलं होती. ते उघडणारं सॉफ्टवेअर त्याच डब्यात चालायचं, दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरवर नाही. डबा टेम्पोत चढला की बाबा पुन्हा कधी कुणावर डाफरणार नाहीत, अशी माझी खात्रीच झाली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. चिप पुन्हा नीट लिहिली की डबा चालू होणार होता, पण ती लिहायचं तयार यंत्र मागवलं असतं तर रविवार उलटून गेल्यावर आलं असतं. मग कळलं, की जुन्या कॉम्प्युटरच्या प्रिंटर जोडायच्या तोंडातून चिपपर्यंत एक साधी वायर आणली, मध्ये चार रेझिस्टर घातले, तरी काम होतं. ते तोंड असलेला कॉम्प्युटर शाळेने अडगळीत टाकला होता, तो मी मागून आणला. वायर कशी जोडायची यावर इंटरनेटवरचे विद्वान पानंच्या पानं भांडत होते. एकाची आकृती दुसऱ्याला मान्य नाही, आणि दोघांच्याही आकृत्या माझ्या सातवीतल्या मुलांनी काढल्या असत्या तर मी वही परत फेकली असती. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे प्रिंटरची पिन मागितली, तर तो “मॅडम, ये तो म्यूजियम में मिलेगी” म्हणून स्वतःच्याच विनोदावर हसला. पिन त्याच्याच खोक्यात तळाशी सापडली.

एका मेलेल्या कॉम्प्युटरमधली चपटी करडी पट्टी काढून मी वायर बनवली. सोल्डर केलं, तपासलं, बाबांच्या डब्यातली चिप काढून तिला जोडली. लिहिली. वाचून पाहिली तर भलतंच. पुन्हा लिहिली, पुन्हा भलतंच, आणि तेही दर वेळी वेगळं. शनिवार असा गेला. रविवारी सकाळी विद्वानांची पानं परत उघडली. त्यात एकाने स्पष्ट लिहिलं होतं, की वायर वीतभरच ठेवा, लांब असेल तर चिपपर्यंत काही धड पोचत नाही. हे मी पहिल्या दिवशीच वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. कारण मागवाल्याच्या घरात सूत कापत नाहीत. उरलेलं गुंडाळून खिळ्याला अडकवतात, कधीतरी सांधायला होतं. लहानपणी मी एकदा धागा कापला तर बाबांनी सगळी गल्ली गोळा होईल इतका आरडाओरडा केला होता. मी ती हातभर लांबीची पट्टी जशीच्या तशी ठेवली होती, उरलेली नीट गुंडाळून, वर रबरबँड लावून.

बाबा समोर खाटेवर बसले होते. मी कात्री घेतली आणि मुद्दाम त्यांना दिसेल अशी धरून पट्टी कापली. त्यांनी पाहिलं.

“बाबा, कापली मी वायर.”

“चालेल,” ते म्हणाले.

मला रडू आलं. रागही आला, त्यांचा आणि त्या करड्या पट्टीचासुद्धा. तसंच नाक ओढत मी टोकं पुन्हा सोल्डर केली.

या वेळी जे लिहिलं तेच वाचलं गेलं. चिप बाबांच्या डब्यात बसवली, बटण दाबलं, पंखा घरघरला आणि पडद्यावर अक्षरं आली. मी पहिलीच फाइल उघडली. टॉवेलच्या कोपऱ्यातलं कमळ.

बाहेर टेम्पो थांबला. जिजाजी दारात येऊन म्हणाले, “अरे, चालू कसं काय झालं?”

बाबा खाटेवरून उठले होते. पडद्याला नाक लागेल इतके वाकून बघत होते.

“हे कमळ आहे?” ते म्हणाले. “ही तर पत्ताकोबी आहे. आणि असले टॉवेल मी लोकांना विकले!” त्यांनी स्टूल ओढलं. “सरक तिकडे. पाव्हणे, उजेड अडवू नका. टेम्पो वापस न्या, आणि पुढच्या वेळी येताना कोर्स पूर्ण करून या.”

बाबा पडद्यावरच्या कमळाची एक एक चौकट पुसायला लागले. मग त्यांची नजर खाली गेली, फरशीवर पडलेल्या करड्या तुकड्याकडे.

“आणि ही वायर कुणी कापली? गुंडाळून ठेवायला हात मोडले होते का?”

“मी कापली, बाबा,” मी म्हणाले, आणि ते गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडायला लागले.