यानवाल्या बाई

“थांबा, पुढचं सांगू नका!” असं म्हणून बाई डावा हात वाहतूक पोलिसासारखा समोर धरायच्या. मग समोरचा माणूस कुणाचं लग्न मोडल्याचं सांगत असो की घाटात ट्रक उलटल्याचं, त्याला वाक्याच्या मध्यावर थांबावंच लागे. पुढचं त्यांना त्यांच्या वेळेला कळायला हवं असे. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर एक ज्योतिषी बसायचा. तो एकदा त्यांचा हात बघायला पुढे सरसावला, तर बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, “तुम्हाला दिसलं असेल, तर तुमच्याजवळच ठेवा.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण या बाईंचा जीव अडकला होता तो टीव्हीवरच्या एका मालिकेत, आणि ती मालिका होती अंतराळातली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका माळावर आमची शाळा होती. शिक्षक दोनच, बाई आणि मी. शाळेपुढे ओढा, ओढ्यापलीकडे चढावर वाडी, आणि वाडीच्या पाठीला टेकूनच डोंगर. बाई माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. लग्न केलेलं नव्हतं. पोलादपुरात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. रोज आम्ही एकाच गाडीने फाट्यापर्यंत जायचो आणि पुढे चढण चढायचो. चढताना त्या बोलायच्या आणि मी धापा टाकायचो.

रविवारी सकाळी ती मालिका लागायची. घरचा रस्ता चुकलेलं एक यान आणि त्यातली सहा माणसं. यान थर्माकोलचं आहे हे माझ्या बायकोलासुद्धा कळायचं. कप्तानाची खुर्ची तर थेट न्हाव्याच्या दुकानातून उचलून आणल्यासारखी दिसायची. पण बाई सकाळी लवकर अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसायच्या. माझं काम कौलांवर चढून अँटेना फिरवायचं.

“आलं का, बाई?”

“आलं… गेलं… आलं! आता हलू नका, गुरुजी!”

त्यामुळे त्या मालिकेचे कितीतरी भाग मी नुसते ऐकलेत, कौलांवर उकिडवा बसून.

सोमवारी शाळेत पहिला तास त्याच गोष्टीचा. वाडीत तेव्हा वीज नव्हती. पोरांनी यान पाहिलं ते बाईंच्या तोंडून. बाई हात पसरून वर्गभर फिरायच्या आणि पोरं माना वळवून त्यांच्या मागे बघायची. खिडकीबाहेर मोठी माणसंही रेंगाळायची. वाडीचे वडीलधारे रामजीबाबा काठी टेकून बसायचे आणि हमखास अडचणीचं विचारायचे.

“बाय, ती मान्सं एवढी लांब गेली, तर त्यांची गुरं कोन बघतं?”

“त्यांना गुरं नाहीत, बाबा.”

“मंग घरी जायाची घाई कशापाय?”

त्या मनापासून विचारात पडायच्या. वाडीने त्यांना नाव ठेवलं होतं, यानवाल्या बाय.

आणि मग मालिका बंद पडली. शेवटच्या भागात यानाच्या काचेतून लांब एक उजेडाचा ठिपका दिसला, कप्तान म्हणाला, “घर!” आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला भलताच कार्यक्रम लागला. सोमवारी पोरांनी विचारलं, “बाय, मंग पोचली का ती?”

“माहीत नाही.”

सुमन नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. ती म्हणाली, “मंग तुम्ही रचून सांगा ना, बाय.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी पाहिलं नाही ते सांगणार नाही.”

पोरं रुसली. बाईंनी कितीतरी दिवस रविवारी टीव्ही लावला नाही. पण एवढं मात्र झालं, की बाय न पाहिलेलं सांगत नाही, हे वाडीतल्या पोरांनी मनात धरलं.

दहाएक वर्षं गेली. वाडीत वीज आली. सुमन वाडीतच लग्न करून दोन पोरांची आई झाली. आणि एके दिवशी महाडहून येणाऱ्या गाडीतून मी भिंतीवरचं पोस्टर पाहिलं: तीच मालिका, पुढचा भाग आता सिनेमा होऊन आलेला. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी ताबडतोब हात समोर धरला. “पुढचं सांगू नका!” सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच.

आम्ही दुपारच्या खेळाला महाडला गेलो. थिएटर जवळजवळ रिकामं. एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेले काही कामगार पंख्याखाली पाय पसरून झोपले होते. पडद्यावर यान आता चांगलं लोखंडी दिसत होतं, पण माणसं तीच होती आणि म्हातारी झाली होती. कप्तानाचे पांढरे केस बघून बाईंनी पदर तोंडाला लावला.

यान घरी पोचतं, पण चुकीच्या काळात, ती माणसं निघाली त्याच्याही आधी. आपण निघाल्यावर थोड्याच दिवसांत ही सगळी वसाहत नष्ट झाली, हे कप्तानाला परतीच्या वाटेवर कळलेलं असतं. तो भर चौकात उभा राहून ओरडून सांगतो. लोक हसतात. मग चिडतात. मग त्याला कोंडून घालतात. आणि त्याने सांगितलं होतं तसंच सगळं होतं.

बाहेर येऊन आम्ही परतीची गाडी धरली. गाडी पोलादपूरच्या जवळ आल्यावर बाई एकदम म्हणाल्या, “तो चौकात ओरडला, तिथे चुकलं.”

“म्हणजे?”

“चौकात शेजारीपाजारी बघत असतात, गुरुजी. तिथे कुणाला घाबरायची सोय नसते. त्याने एकेकाच्या घरात जाऊन सांगायला हवं होतं. चुलीपुढे बसून.”

मी हसलो. सिनेमाचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मला वाटलं.

त्याच पावसाळ्यात सुमन एका सकाळी कळशी घेऊन शाळेत आली. वाडीच्या वर एक झरा होता, काचेसारखा स्वच्छ. भर पावसातही त्याचं पाणी गढूळ होत नसे. सुमनने कळशी वाकडी केली, तर तांबडं पाणी आलं, चहासारखं.

“बाय, परवापासून असंच येतंय. आन् वरच्या घरांची दारं लागंनाशी झालीत. चौकटीत अडकतात.”

बाई तिच्याबरोबर वर गेल्या. मीही गेलो. झऱ्याच्या वर गवतात जमीन फाटली होती. भेग फार रुंद नव्हती, पण लांब होती. डोंगराच्या अंगावर कुणी विळ्याने रेघ ओढावी तशी ती वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. बाईंनी खाली बसून भेगेत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की बाई वाडीत जायच्या. एका दिवशी एक घर. चुलीपुढे बसायच्या, दिलेला कोरा चहा प्यायच्या आणि हळू आवाजात सांगायच्या, “मी पाहिलंय. हात घालून पाहिलंय.” जन्मभर पुढचं ऐकायला नको म्हणणारी ही बाई आता दारोदार पुढचंच सांगत फिरत होती. आम्ही सरकारी कचेरीतही जाऊन आलो. एक साहेब येऊन भेग बघून गेले, पावसाळा संपला की बघू म्हणाले.

रामजीबाबांच्या घरी मी बरोबर होतो. बाबा हसून म्हणाले, “बाय, त्या तुमच्या यानातल्या मान्सांनी सांगितलं व्हय हे?”

“नाही. झऱ्याने सांगितलं.”

“आवो, डोंगर आमचा बाप हाय. बाप लेकरांच्या अंगावर पडंल व्हय?”

“बाप म्हातारा झालाय, बाबा,” बाई म्हणाल्या.

बाबांचं हसू गेलं.

पाऊस वाढला आणि घरं एकेक करून खाली शाळेत आली. सुमन आधी, मग इतर, शेवटी रामजीबाबाही. दोन वर्गांत सगळी वाडी झोपायची. ओल्या घोंगड्यांचा वास, पोरांचं रडणं, चुलीवरून बायकांची भांडणं. गुरं वर गोठ्यातच होती. पुरुष दिवसा जाऊन त्यांना चारा टाकून यायचे. दर सकाळी सगळे शाळेच्या ओट्यावर येऊन डोंगराकडे बघायचे, आणि डोंगर जागेवर असायचा.

पाऊस उघडला. डोंगर पडला नाही. पडलं ते नुकसान. रामजीबाबांची म्हैस गोठ्यात एकटीच व्याली आणि रेडकू मेलं. म्हैसही फार दिवस जगली नाही. कुणाच्या कोंबड्या रानमांजराने नेल्या, कुणाचं भात भिजलं. लोक वर परत गेले ते बाईंकडे न बघता. बाबा जाताना थांबले.

“बाय, तुमचा शबूद मानला. आमचं वाटोळं झालं.”

भेग अजून आहे, एवढं तरी बाईंनी म्हणावं, असं मला वाटत होतं. पण मेलेल्या रेडकापुढे ते कसं म्हणणार?

सुमन तेवढी वर गेली नाही. नवऱ्याशी भांडून तिने माळावरच कुडाचं झोपडं घातलं. तिच्या जोडीला आणखी दोन घरं राहिली. वाडीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाई अफवा पसरवतात अशी तक्रार वरपर्यंत गेली आणि त्यांची बदली झाली, खाली तुडीलच्या बाजूला, सावित्री नदीच्या काठच्या एका शाळेत. त्या निघाल्या तेव्हा वाडीतून कुणी खाली आलं नाही. सुमनने फाट्यापर्यंत त्यांची पिशवी आणली.

पुढच्या पावसाळ्यात डोंगर आला.

दुपार होती. मी फळ्यावर लिहीत होतो. आधी वारा आला, दारं आपटली. मग आवाज, मोठी गाडी घाटातून उतरते तसा, पण न थांबणारा. मी मुलांना बाहेर काढलं. ओढ्यापलीकडे जिथे वाडी होती तिथे तांबडी माती होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. फार शांत होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरांची घरं त्या मातीखाली होती, आणि पोरं माझ्याकडे बघत होती.

रस्ते तुटले होते, फोन बंद होते. बाईंना फोन लागायला बरेच दिवस गेले.

“कोण कोण?” त्यांनी एवढंच विचारलं.

मी नावं घेऊ लागलो. प्रत्येक नावाला त्या “हं” म्हणायच्या. रामजीबाबांच्या नावाला तेही म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, “सुमन?”

“सुमन आहे. माळावरची तिन्ही घरं आहेत.”

मग त्या म्हणाल्या, “गुरुजी, इथे बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? मी खरं बोलले होते, हे आलं. एक क्षणभरच आलं. पण ते आधी आलं, बाबा नंतर आले.” आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटी शेवटी त्या भावाकडे महाडला होत्या. मी भेटायला जायचो, पण ना त्या डोंगराचा विषय निघायचा, ना यानाचा. दम्याने त्यांना फार बोलवत नसे. तरी त्यांची आठवण निघाली की मला खाटेवरच्या बाई दिसत नाहीत. दिसतो तो नव्या वसाहतीचा दिवस.

वाचलेल्या माणसांना सरकारने दुसरीकडे घरं बांधून दिली. पत्र्याच्या छपरांची, एका रांगेत, चुन्याचा वास येणारी. किल्ल्या वाटायचा कार्यक्रम होता. मांडव होता, पाहुणे होते. सुमनने हट्ट धरून बाईंना बोलावून घेतलं होतं. ज्यांनी तक्रारीवर अंगठे उठवले होते त्यांच्यातल्याच एकाने पुढे होऊन बाईंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या घरांच्या मागे बघत होत्या.

“सुमन, हा डोंगर कुठला गं?”

सुमनने वळून पाहिलं. “ह्यो व्हय? नाव नाय ठावं, बाय. असाच हाय.”

माइकवर कुणीतरी बोलायला उठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारी पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. पाहुण्यांचं भाषण चालू होतं, आणि रांगेच्या शेवटच्या घरामागून बाई उन्हात चढण चढत होत्या. पदर खोचलेला, एक हात गुडघ्यावर. थोडं चढायच्या, थांबायच्या, वाकून गवत बाजूला सारायच्या आणि जमिनीकडे बघायच्या.